व्यापारी पेठेतील भित्तिलेखन व त्याचे निवारण

शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागातील भिंतींवर, दुकानांच्या दारांवर व टपालपेट्यांवर परवानगीवाचून केलेले रंगलेखन कसे नाहीसे करावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सफाईचा वाटतो. वस्तुतः तो नागरी समाजशास्त्राचाही आहे. लेखन पुसता येते. पण त्यामागील प्रेरणा त्याबरोबर पुसली जातेच असे नाही.

ही प्रेरणा पुष्कळदा आपले नाव लोकांच्या दृष्टीस पाडण्याची असते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने १९८४ पासून जे धोरण स्वीकारले, त्याचे मर्म येथेच आहे. एकदा स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंगविला गेल्यास तो पुसल्याखेरीज वाहतुकीस सोडावयाचा नाही, असा नियम करण्यात आला. लिहिणाऱ्यास हवी असलेली प्रसिद्धीच त्यायोगे नाकारली गेली. १२ मे १९८९ रोजी रंगलेल्या डब्यांची वाहतूक संपल्याचे जाहीर झाले. मात्र पुढील दशकात खिडक्यांच्या काचांवर ओरखडे काढून नावे कोरली जाऊ लागली. प्रेरणेने केवळ साधन बदलले.

तथापि त्वरित सफाईचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन शहरात कीस काइझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाले. खरेदीच्या भागातील एका गल्लीत उभ्या केलेल्या सायकलींना जाहिरातीचे कागद अडकविण्यात आले. भित्तिलेखनास मनाई करणारी पाटी दोन्ही वेळी होतीच. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के, तर रंगविलेली असताना ६९ टक्के लोकांनी कागद तेथेच टाकले. एक नियम उघडपणे मोडलेला दिसला, की दुसऱ्या नियमाचा धाकही शिथिल होतो. अर्थात्, गंभीर गुन्हे यामुळे वाढतात, असे या प्रयोगावरून सिद्ध होत नाही.

त्वरेलाही मर्यादा आहेत. सच्छिद्र दगडावर द्रावक ओतल्यास रंग विरघळून अधिक खोल मुरतो. पाण्याच्या तीव्र झोताने दगडाचा पृष्ठभागच झिजतो. म्हणून अशा भिंतींवर मेणासारखा, रंगासह काढून टाकता येणारा लेप आधीच देणे श्रेयस्कर ठरते.

दुसरी मर्यादा हक्काची होय. न्यूयॉर्कमधील ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या इमारतीवर मालकाच्या संमतीने काढलेली चित्रे २०१३ साली त्यानेच एका रात्रीत पांढऱ्या रंगाखाली झाकली. १९९० च्या दृश्यकलाकारांच्या हक्कांविषयीच्या कायद्यानुसार २०१८ साली न्यायालयाने कलावंतांना ६७.५ लक्ष डॉलर भरपाई देवविली.

सारांश, विनापरवानगी लेखनाच्या बाबतीत जी तत्परता गुण ठरते, तीच संमत चित्रांच्या बाबतीत दोष ठरू शकते. म्हणून कुंचला हाती घेण्यापूर्वी दोन गोष्टींचा निर्णय झाला पाहिजे: भिंत कशाची आहे, आणि तिच्यावरील रेषा कोणाच्या संमतीने उमटली आहे.