शिंदळ माकुडी

शिंदळ माकुडी : सह्याद्रीच्या महाराष्ट्रातील कड्यांवर वाढणारी एक मांसल (रसाळ) व बहुवर्षायू ओषधी. हिचे शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका असे असून अलीकडील वर्गीकरणात ती बूसेरोसिया फ्रेरी या नावाने ओळखली जाते. हिचा समावेश पूर्वी रुईच्या कुलात (ॲस्क्लेपीएडेसी) केला जाई. ते कुल आता करवीर कुलात (ॲपोसायनेसी) अंतर्भूत झाले आहे. ही वनस्पती प्रदेशनिष्ठ आहे, म्हणजे महाराष्ट्राबाहेर जगात अन्यत्र ती निसर्गतः आढळत नाही. तिची प्रथम नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्नर परिसरातून झाली. संग्राहकांच्या काचगृहांत व घरच्या कुंड्यांतही आता ती वाढविली जाते. मात्र तेथे तिचे यश मुख्यतः तापमान व पाणी यांचा मेळ कितपत साधला जातो यावर अवलंबून असते.

इतिहास : मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक निकोल अलेक्झांडर डॅल्झेल (१८१७–७७) यांना ही वनस्पती जुन्नरजवळील हिवरे येथील डोंगरावर आढळली. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या नावावरून त्यांनी ‘फ्रेरिया’ ही प्रजाती स्थापिली. तिचे वर्णन १८६४-६५ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. हिवरे हे नाव वनस्पतिविज्ञानाच्या इतिहासात आधीपासून परिचित होते. डॅल्झेल यांचे ग्रंथसहलेखक अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली दापोडीच्या सरकारी उद्यानाची एक शाखा तेथे होती आणि तीत औषधी वनस्पतींची लागवड केली जात असे. पुढे १९५८ मध्ये जी. डी. रोली यांनी या वनस्पतीचा समावेश माकडशिंगाच्या कॅराल्युमा या प्रजातीत केला व २००२ मध्ये ती बूसेरोसिया प्रजातीत गेली. प्रजातीचे नाव बदलले तरी फ्रीअर यांची स्मृती ‘फ्रेरी’ या जातिवाचक नावात टिकून आहे.

वर्णन : खोड दंडगोलाकृती, मांसल, हिरवट करडे व शाखायुक्त असून ते कड्यावरून खाली लोंबते किंवा खडकावर पसरते. या गटातील बहुतेक वनस्पतींची पाने खवल्यांसारखी अत्यंत लहान असतात किंवा लवकर गळून पडतात. शिंदळ माकुडीस मात्र पावसाळ्यात चांगली रुंद, लंबगोल व जाडसर पाने येतात. कोरड्या ऋतूत ती गळतात आणि केवळ खोडे उरतात. फुले पावसाळ्याच्या उत्तरार्धात व त्यानंतर येतात, ती सु. २ सेंमी. व्यासाची, चांदणीसारखी, लालसर तपकिरी असून त्यांवर पिवळे ठिपके वा रेषा असतात. त्यांच्या दुर्गंधामुळे माश्या आकर्षित होऊन परागण घडते. फळे जोडीने येणारी, लांबट व निमुळती असतात. बियांना रेशमी केसांचा झुबका असल्याने त्यांचा प्रसार वाऱ्याने होतो.

अधिवास व हवामान : शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड, रंधा धबधब्याचा परिसर इ. ठिकाणांहून हिची नोंद झाली आहे. ती बहुधा बेसाल्टच्या उभ्या कड्यांतील भेगांत, अत्यल्प मातीत वाढते. जुन्नर व आंबेगाव या लगतच्या तालुक्यांचे हवामान तिच्या गरजा समजून घेण्यास उपयुक्त आहे. या तालुक्यांच्या पश्चिमेकडील घाटमाथ्यावर अतिवृष्टी होते, तर पूर्वेकडे नारायणगाव व मंचरच्या बाजूस पाऊस झपाट्याने कमी होत जातो. जून ते सप्टेंबर हे महिने दमट व ढगाळ, हिवाळा कोरडा व थंड, तर एप्रिल-मे कडक उन्हाचे असतात. पावसाळ्याचे चार महिने सोडले, तर कड्यावरील या वनस्पतीस जवळजवळ पाणी मिळत नाही. पावसाळ्यातही पाणी भेगेत साचून न राहता निथळून जाते.

कड्यावरील तापमान गावातील तापमानाहून वेगळे असते. हिवाळ्यातील निरभ्र व निवांत रात्री थंड हवा जड असल्याने उतारावरून खाली वाहत जाऊन कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत साचते. त्यामुळे खोऱ्याचा तळ अधिक गारठतो व वरचा उतार तुलनेने उबदार राहतो. थंडीच्या लाटेत याच खोऱ्यांतील द्राक्षबागायतदार रात्री शेकोट्या पेटवून बागा राखतात. शिवाय खडकाचा प्रचंड साठा दिवसा उष्णता शोषून घेतो व रात्री ती सावकाश सोडतो. त्यामुळे भेगेतील मुळांना तापमानाचे तीव्र चढउतार सोसावे लागत नाहीत. कुंडीतील मूठभर मातीस हे संरक्षण नसते. ती उन्हात लवकर तापते व रात्री तितक्याच लवकर थंड होते.

तापमान व जीवनक्रिया : बहुतेक वनस्पती दिवसा त्वग्रंध्रे (पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रे) उघडी ठेवून कार्बन डाय-ऑक्साइड आत घेतात; त्याच वेळी त्यांतून बाष्परूपाने पाणी निसटते व ऊतक (पेशीसमूह) थंड राहते. अनेक मांसल वनस्पतींत याउलट त्वग्रंध्रे रात्री उघडतात, आत आलेला वायू मॅलिक अम्लाच्या रूपात साठविला जातो आणि दिवसा ती बंद असताना प्रकाशाच्या साहाय्याने वापरला जातो. पानफुटीच्या क्रॅसुलेसी कुलावरून या प्रक्रियेस ‘क्रॅसुलेशियन अम्ल चयापचय’ असे नाव आहे [⟶ प्रकाशसंश्लेषण]. शिंदळ माकुडीत या दोन्ही पद्धती एकत्र आढळतात. ओ. एल. लांगे व एम. त्सूबर यांनी १९७७ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे तिची पाने पहिल्या पद्धतीने, तर खोड दुसऱ्या पद्धतीने कार्य करते. पाणी मुबलक असताना पानांमुळे वाढ जलद होते. पाणी संपताच ती गळतात व काटकसरी खोड वनस्पतीस तगवून धरते.

यावरून तापमानाविषयी दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे, खोडाच्या कार्यास रात्री गारवा हितकारक असतो. रात्रीही उकाडा राहिल्यास श्वसनाचा वेग वाढून साठविलेल्या अन्नाची नासाडी होते. दुसरे म्हणजे, दिवसा त्वग्रंध्रे बंद असल्याने मांसल खोडास पाणी उडवून स्वतःस थंड करता येत नाही. कडक उन्हात त्याचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा बरेच वाढू शकते. म्हणून हवेचे तापमान तेच वनस्पतीचे तापमान, असे समजणे चुकीचे ठरते.

लागवड व निगा : अभिवृद्धी छाट कलमांनी सहज होते. कापलेला भाग सावलीत काही दिवस सुकवून, जखम भरल्यावर लावतात. माती भरड असावी. तीत वाळू, मुरूम वा विटांचे बारीक तुकडे मिसळून कुंडीतून पाण्याचा पूर्ण निचरा होईल अशी योजना करतात.

वाढीच्या काळात, म्हणजे पाने असताना, २०° ते ३५° से. तापमान व नियमित पाणी मानवते. हिवाळ्यात पाने गळून खोड उघडे पडले म्हणजे वनस्पती मेली किंवा तहानली, असा समज होऊन तिला अधिक पाणी दिले जाते. तिच्या नाशाचे हे एक प्रमुख कारण आहे. ही अवस्था विश्रांतीची असते. या वेळी मुळे पाणी फारसे शोषून घेत नाहीत, थंड माती लवकर सुकत नाही आणि कवकांमुळे (बुरशीमुळे) मुळे व खोडाचा तळ कुजतो. कोरड्या मातीतील रोप थोडा वेळ पडलेली थंडी सोसते, पण तीच थंडी ओल्या मातीत घातक ठरते. तरीही तापमान १०° से. च्या खाली जाऊ न देणे इष्ट होय. गारठ्याच्या रात्री कुंडी भिंतीच्या आडोशास किंवा पडवीत ठेवल्यास पुरते. युरोपसारख्या थंड प्रदेशांत मात्र उबदार काचगृह आवश्यक असते.

उन्हाळ्यात गच्चीवरील फरशीचा ताप थेट मुळांना पोहोचतो. त्यासाठी कुंडी विटांवर उचलून ठेवतात किंवा मोठ्या कुंडीत लहान कुंडी बसवून मधल्या जागेत वाळू भरतात. दुपारच्या उन्हापासून सावली व मोकळी हवा आवश्यक असते. तापलेल्या कुंडीत भर दुपारी पाणी घालू नये. ते संध्याकाळी द्यावे. पावसाळ्यात सततच्या संततधारेपासून आडोसा दिल्यास खोड कुजत नाही.

संरक्षण : मर्यादित प्रसार, गुरांची चराई, वणवे, दरडी कोसळणे व संग्राहकांकडून होणारी उपटणी यांमुळे ही जाती धोक्यात आलेल्या वनस्पतींत गणली जाते. छाट कलमे, बीजे व ऊतक संवर्धन यांच्या साहाय्याने तिची संख्या वाढविता येते. परंतु एकाच रोपाच्या कलमांपासून झालेली शेकडो रोपे आनुवंशिक दृष्ट्या एकच असतात. निरनिराळ्या कड्यांवर स्वतंत्रपणे टिकून राहिलेल्या रोपांतील विविधता त्यांतून मिळत नाही. म्हणून कुंडीतील लागवड ही नैसर्गिक अधिवासाच्या रक्षणास पूरक ठरते, पर्याय नव्हे. लागवडीसाठीही रोपे उद्यानांत वाढविलेलीच घ्यावीत. गडावरून ती उपटून आणू नयेत. शिवनेरी किल्ल्याचा समावेश जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा स्थळांत झाला आहे. अशा गडांच्या तटांची व कड्यांची साफसफाई करताना हिवाळ्यात व उन्हाळ्यात भेगांतून लोंबणारी पर्णहीन खोडे वाळलेले तण समजून काढली जाण्याचा संभव असतो. पाऊस पडताच त्यांना पुन्हा पालवी फुटते, हे ध्यानी घेऊन ती तशीच राहू देणे अगत्याचे आहे.