नागपूरच्या उन्हात टिकणारा डिस्प्ले कोणता?
सीताबर्डीतून प्रोजेक्टसाठी डिस्प्ले घेताय? आधी डेटाशीटमधलं तापमान बघा! 🌡️

साधा १६ बाय २ एलसीडी बहुतेकदा ० ते ५० अंशांसाठीच असतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ पार जातो. गच्चीवरच्या बंद डब्यात तर तो ५० सहज ओलांडतो. तापमान फारच चढलं की द्रवस्फटिकांची रचना मोडते आणि पडदा काळवंडतो.

बॅटरीवर चालवायचंय? मग हे पर्याय:

🔹 मेमरी एलसीडी: साधारण −२० ते ७० अंश, वीज अत्यल्प, उन्हात स्पष्ट.
🔹 ई-पेपर: चित्र टिकवायला वीज शून्य; पण बरेच पॅनेल ५० अंशांपर्यंतच.
🔹 ओएलईडी: गारठ्यात उत्तम; भर उन्हात फिका, वीजही जास्त.

गच्चीवर माझी पसंती मेमरी एलसीडीलाच. डबा मात्र पांढरा, हवेशीर आणि सावलीत हवा.