बाळंतिणीच्या खोलीतील हिरवळ

कन्या दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी यावयाची होती आणि आपल्या खोलीत चार हिरवी झाडे असावीत एवढीच तिची फर्माईश होती. ती पुरी करण्यासाठी हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्यालगतच्या एका रोपवाटिकेत मी सकाळीच हजर झालो, तेव्हा हे काम पसंतीपेक्षा नापसंतीचेच अधिक आहे याची मला यत्किंचितही कल्पना नव्हती.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रुंद पानांचे डिफेनबेकिया मी उचलणार, तोच माळ्याने विचारले, ‘‘काका, घरात लहान मूल हाय का?’’ तान्हे मूल दुपट्याबाहेर कुठे येते, असे मी ऐटीत म्हणालो. पण त्याचा रोख थोरल्या भावंडाकडे होता. आमची नात तीन वर्षांची, हाती लागेल त्या जिनसाची शहानिशा प्रथम दातांनी करणारी! माळ्याने एक पिवळे पान देठाशी मोडले. मोडल्या जागी पाणचट रसाचा थेंब हळूहळू फुगत गेला आणि त्याने तो बोटाला न लावता मातीत झटकला. दिसावयास निरुपद्रवी अशा या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुडी-जुडीने भरलेले असतात. पान चावताच ते जिभेत नि घशात रुततात, आग होते, सूज येते, लाळ गळू लागते. कच्च्या अळूने घसा खवखवतो तोही याच स्फटिकांनी, आणि डिफेनबेकिया अळूच्याच कुळातले. आपल्या गृहिणी चिंचेवाचून अळू शिजवीत नाहीत, त्यांना हे शास्त्र निराळे सांगावयास नको. मनीप्लांट आणि पीस लिली हीदेखील याच गोत्राची निघाल्याने एकाच पंचनाम्यात तिघांचा निकाल लागला. मंजुरी मिळाली ती अरेका पामला, फर्नला आणि स्पायडरला.

‘‘ही हवा साफ करत्यात,’’ अशी शिफारस माळ्याने जोडली. १९८९ साली नासाने बंद पेट्यांत केलेल्या प्रयोगांपासून ही कीर्ती पसरली आहे. परंतु २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याचा हिशेब असा की, घरात एरवीच होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करावयाची तर दर चौरस मीटरला १० ते १००० रोपे लागतील. आमच्या दहा बाय दहा फुटांच्या खोलीत किमान नव्वद कुंड्या! बाळंतिणीची बाज मग अंगणातच टाकावी लागेल. खिडकी उघडणे स्वस्त पडते.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी झाडांकडे ढुंकूनही न पाहता फर्मान काढले, ‘‘अहो, आधी त्या बश्या काढा.’’ मी एक बशी उन्हात तिरपी धरली. रोपवाटिकेतूनच आलेल्या त्या दोन बोटे पाण्यात, केसाएवढ्या बारीक अळ्या झोके घेत वर येत होत्या आणि माझी सावली पडताच तळाशी जात होत्या. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो आणि आठ-दहा दिवसांत पंख फुटून उडून जातो. विषारी पानांचा इतका बंदोबस्त करून मी हा ऐवज आपल्याच हाताने बाळंतिणीच्या उशाशी मांडणार होतो. तेव्हापासून कुंड्यांना पाणी मोरीत मिळते, त्या पुरत्या निथळल्यावरच आत येतात आणि ओवा-बाळंतशेपांच्या धुरीच्या वेळी पुन्हा गॅलरीत जातात. या वाहतुकीची जबाबदारी अर्थातच माझ्याकडे आहे.

चौथ्या दिवशी नातीने स्पायडरचे एक पान शेंड्यापासून चघळून पाहिले आणि ‘‘आजोबा, हे शिजलं नाही,’’ असा शेरा मारून ते ओले पान माझ्या तळहातावर ठेवले.