तिलोनियाच्या सौर आज्या

राजस्थानातल्या अजमेर जिल्ह्यातलं तिलोनिया. १९७२ साली बंकर रॉय यांनी सुरू केलेल्या इथल्या बेअरफूट कॉलेजात टांझानिया, मालावी, सिएरा लिओन अशा देशांतल्या खेड्यांतून आलेल्या बायका सौरदिव्यांची सर्किट जोडायला शिकतात. अनेकींना लिहिता-वाचता येत नाही, एकमेकींची भाषाही कळत नाही. म्हणून सुट्या भागांना रंगांच्या खुणा. बाकीचं सगळं हातवारे करून, प्रत्यक्ष दाखवून. डाग देताना हात थरथरला, तर शेजारची धरते. सहा महिन्यांत त्या दिवे, चार्ज कंट्रोलर बनवू आणि दुरुस्तही करू लागतात. विमानप्रवास आणि प्रशिक्षणाचा खर्च भारत सरकार १९६४ पासून चालणाऱ्या ‘आयटेक’ योजनेतून करतं.

निवड मुद्दाम मध्यमवयीन बायकांची, अनेकदा आज्यांची. तरुण पुरुष प्रमाणपत्र हातात पडताच शहर गाठतात, हा संस्थेचा अनुभव. शिकलेली बाई गावी परतली, की गावकरी रॉकेल-मेणबत्त्यांवर जाणारा पैसा दरमहा गावसमितीकडे भरतात. त्यातूनच दिव्यांची दुरुस्ती आणि तिचं मानधन निघतं.

नुसती यंत्रं पाठवणाऱ्या मदत योजनांमध्ये नेमकी हीच तरतूद राहून जाते. ती आधी करायला हवी.