पाइप प्लॅस्टिकचेच, पण जोड निराळा

लोखंडी पाइप गंजले, की आपण प्लॅस्टिकचे बसवतो. पण सगळे प्लॅस्टिक एक नव्हे. टाकीतून गार पाणी आणणारा पांढरा किंवा करडा पाइप सहसा यूपीव्हीसीचा असतो. गिझरचा फिकट पिवळसर पाइप सीपीव्हीसीचा, हिरवा पीपीआरचा आणि निळ्या रेघांचा काळा पाइप एचडीपीईचा. घोटाळा होतो तो हे एकमेकांना जोडताना.

प्लंबर डबीतले जे ‘सोल्युशन’ लावतो, ते डिंकासारखे चिकटवत नाही. ते पाइपचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग विरघळवते. दोन्ही मऊ थर एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि जोड एकजीव होतो. म्हणजे दोन्ही बाजू त्यात विरघळणाऱ्या हव्यात. पीपीआर आणि एचडीपीई विरघळतच नाहीत. त्यांवर कितीही सोल्युशन थापा, पाण्याच्या दाबाने जोड निसटणारच. पीपीआर सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या यंत्रावर तापवून जोडतात. एचडीपीईलाही उष्णता लागते, नाहीतर आवळून बसवायचे कॉम्प्रेशन फिटिंग.

यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसी यांचे नाते जवळचे. पण सीपीव्हीसीत क्लोरीन अधिक असतो, म्हणून ते गरम पाणी सोसते; यूपीव्हीसी मऊ पडते. शिवाय मापेही जुळत नाहीत. पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर, तर त्याच नावाच्या यूपीव्हीसीचा अनेकदा सुमारे २७. मग काही जण पाइपचे तोंड आचेवर फुगवून दुसऱ्यावर चढवतात. तिथे पाइपची भिंत पातळ होते. त्या दिवशी पाणी गळत नाही. गळते ते टाइल्स बसल्यानंतर!

मग करायचे काय? दोन जातींच्या मध्ये आट्यांचा जोड घ्यावा. प्रत्येक पाइपला त्याच्याच जातीचे, पितळी आट्यांचे फिटिंग बसवावे, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळावी आणि मग दोन्ही एकमेकांत फिरवावीत. प्लॅस्टिकच्या आतल्या आट्यांत धातूचा नळ जोराने आवळू नये, फिटिंग तडकते.

सोल्युशनच्या जोडासाठी पाइप काटकोनात कापावा, कडा घासून पुसून कोरड्या कराव्यात आणि त्या जातीचेच सोल्युशन घ्यावे. डबीवर लिहिलेला वेळ पाळावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भिंत बुजवण्याआधी पंपाने दाब देऊन प्रत्येक जोड तपासून घ्यावा. जोड उघडा असेपर्यंत दुरुस्ती एका फिटिंगची असते. नंतर ती भिंतीची आणि खालच्या शेजाऱ्याच्या छताचीही होते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)