उतरणीचा हिशेब

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता एकमेकांना मिळतात. तेथून दिवसभर ये-जा करणाऱ्या हजारो दुचाकींची चाके जमीन सोडतील असा प्रसंग सहसा येत नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे बांधलेला 10 सेंटिमीटर उंचीचा गतिरोधक हीच काय ती त्यांच्या वाटेतली चढण. मोटोक्रॉसमध्ये मात्र चाक जमीन सोडणारच हे गृहीत धरून मार्ग, यंत्र आणि स्वाराचे शिक्षण या तिन्हींची आखणी केलेली असते. मोटारसायकल आणि क्रॉसकंट्री या शब्दांच्या जोडातून नाव मिळालेला हा खेळ मोकळ्या माळावरील मातीच्या बंदिस्त मार्गावर खेळला जातो, तर त्याचेच स्टेडियममध्ये आणलेले रूप म्हणजे सुपरक्रॉस. राष्ट्रीय सुपरक्रॉस मालिकेच्या फेऱ्यांमुळे नाशिककरांना आणि जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीत झालेल्या लीगमुळे पुणेकरांना तो परिचित आहे.

महिलांसाठी मोटोक्रॉसची आंतरराष्ट्रीय मालिका 2005 मध्ये विश्वचषक म्हणून सुरू झाली आणि 2008 मध्ये तिला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला. पहिले अजिंक्यपद फ्रान्सच्या लिव्हिया लान्सलोने मिळवले, त्यानंतर इटलीच्या कियारा फोंतानेसीने सहा आणि न्यूझीलंडच्या कोर्टनी डंकनने चार विजेतेपदे पटकावली, तर 2024 चे पद 2007 मध्ये जन्मलेल्या डच लॉटे व्हॅन ड्रुनेनकडे गेले. प्रत्येक फेरीत दोन शर्यती असतात आणि प्रत्येक शर्यत 20 मिनिटे अधिक दोन फेरे चालते. हा वेळ ऐकायला थोडा वाटतो. पण त्यातील बहुतेक काळ स्वार आसनावर न बसता पायरीवर उभी असते आणि तिच्या हृदयाचे ठोके जवळजवळ कमाल मर्यादेला भिडलेले असतात.

प्रेक्षकांना उडी दिसते; अभ्यासकाला उतरणे अधिक महत्त्वाचे वाटते. ताशी 54 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 15 मीटर वेगाने खाली येणारी मोटारसायकल जमिनीशी 30 अंशांचा कोन करून सपाटीवर आदळली, तर तिच्या वेगाचा जमिनीला लंब असलेला भाग सेकंदाला साडेसात मीटर भरतो, आणि हा आघात जवळपास तीन मीटर उंचीवरून सरळ खाली पडण्याइतका असतो. तीच मोटारसायकल त्याच वेगाने 25 अंशांच्या उतारावर टेकली, तर तिचा मार्ग आणि उतार यांच्यात केवळ पाच अंशांचे अंतर उरते, लंब वेग सेकंदाला 1.3 मीटरवर येतो आणि आघात सुमारे नऊ सेंटिमीटरवरून पडण्याएवढाच राहतो. तीन मीटरचे पडणे गतिरोधकाच्या उंचीपेक्षाही कमी होते ते एवढ्यामुळे. मात्र त्यासाठी उडी मातीच्या ढिगाच्या पलीकडील उतारावरच संपायला हवी, अलीकडे नाही आणि फार पलीकडेही नाही.

हवेत असताना जमिनीचा आधार नसतो, तरीही यंत्राचा तोल बदलता येतो, कारण फिरत्या चाकांत कोनीय संवेग, म्हणजे वस्तूच्या फिरण्याचा साठा, शिल्लक असतो. स्वाराने मागचा ब्रेक दाबून चाक थांबवले की तो साठा संपूर्ण मोटारसायकलीकडे जातो आणि तिचे नाक खाली झुकते. उलट अ‍ॅक्सिलरेटर पिळून चाकाचा वेग वाढवला की नाक वर उचलले जाते. जे विद्यार्थ्यांना फळ्यावर महत्प्रयासाने पटते, ते या मुली अर्ध्या सेकंदात एका पंजाने आणि एका मनगटाने करून दाखवतात.

शरीराच्या वजनाचा प्रश्न येतो तो जमिनीवर परतल्यानंतर. सुमारे 105 किलो वजनाच्या 250 सीसी फोर स्ट्रोक मोटारसायकलीचा मागचा शॉक अ‍ॅब्झॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला शॉकअप, चाकाला साधारण 30 सेंटिमीटर खाली-वर होऊ देतो, आणि स्वार बसल्यावर त्यातील तिसरा हिस्सा दबलेला असावा असा संकेत आहे. कारखान्यातून येणारी स्प्रिंग सहसा 75 ते 80 किलोच्या स्वाराला धरून निवडलेली असते, त्यामुळे 55 किलोची स्वार बसली की मागची बाजू उंच राहते आणि बारीक खड्ड्यांचे धक्के चाकाने गिळण्याऐवजी थेट हातांकडे येतात. हँडल आवळून धरल्याने कोपरापुढचे स्नायू फुगतात, त्यांच्यावरचे ताणले न जाणारे आवरण त्यांना दाबते, रक्त अडते आणि पकड सुटू लागते. अशा वेळी व्यायामाचा सल्ला देण्याआधी स्प्रिंग बदलणे अधिक शहाणपणाचे असते.

यानंतर प्रश्न मातीचा. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील अनेक मार्ग वाळूचे आहेत. ओल्या वाळूचे कण पाण्याच्या पातळ पडद्याने एकमेकांना धरून ठेवतात, परंतु चाळीस मोटारसायकली गेल्या की ती पकड मोडते आणि लाटांसारखे खड्डे प्रत्येक फेऱ्यागणिक खोल होत जातात. नाशिक परिसरातील बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीचे वागणे निराळे: तिच्यातील चिकणमातीचे खनिज पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि ओलीत चाकाला अशी बिलगते की मोटारसायकल काही फेऱ्यांतच कित्येक किलोंनी जड होते. शेतरस्त्यावर मुरूम टाकण्याची पद्धत यासाठीच आहे आणि शर्यतीच्या मार्गालाही तीच युक्ती चालते.

पुरुषांच्या मोसमात वीसच्या आसपास फेऱ्या असताना महिलांना पाच-सहाच मिळतात, आणि ही तफावत केवळ मानाची नाही. संख्याशास्त्रानुसार नमुना जितका लहान, तितका योगायोगाचा वाटा मोठा. पहिल्या क्रमांकाला 25 आणि दुसऱ्याला 22 गुण असल्याने, एका शर्यतीत घसरून शून्यावर राहिलेल्या स्वाराला, ती शर्यत जिंकणाऱ्या प्रतिस्पर्धीच्या पुढे जायचे असेल आणि ती प्रतिस्पर्धी दुसरा क्रमांक सोडत नसेल, तर नऊ शर्यती जिंकाव्या लागतात. सहा फेऱ्यांच्या मोसमात पहिल्या शर्यतीनंतर उरतात त्या अकरा.