दिवा फलकावर, डोळ्यांवर नको!

दोस्तांनो, लातूरहून नांदेडला रात्रीच्या एस.टी.नं कधी गेला आहात का? चाकूर, अहमदपूर, लोहा अशी गावं एकेक करून मागे पडतात. मध्ये गुडुप अंधार आणि गाव जवळ आलं, की लखलखणारे जाहिरातींचे फलक! कुठे क्लासचा, कुठे साड्यांच्या दुकानाचा. आपल्याला खिडकीतून बघायला मजा वाटते. पण ड्रायव्हरकाकांचं काय?

घरी एक सोपा प्रयोग करा. रात्री खोलीत अगदी मंद दिवा ठेवा. टेबलावर पुस्तक उभं करा. दूरवरून त्याचं नाव वाचता येतंय ना? आता ताईला पुस्तकाशेजारी टॉर्च धरायला सांगा, तोंड तुमच्याकडे. (टॉर्चकडे टक लावून मात्र बघू नका हं!) नाव गायब! आता तोच टॉर्च पुस्तकाकडे वळवा. नाव झकास दिसेल. टॉर्च तोच, पुस्तक तेच. फरक फक्त दिशेचा.

याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. झगझगीत उजेड दिसताच बाहुली पटकन लहान होते, पण पुन्हा अंधाराला सरावायला वेळ लागतो. पूर्ण सरावायला तर वीस-तीस मिनिटंसुद्धा लागतात! वय वाढलं, मोतीबिंदू झाला, की हा त्रास आणखी वाढतो.

आता गणित करा. ताशी ७२ किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात २० मीटर पुढे जाते, म्हणजे जवळजवळ क्रिकेटची एक खेळपट्टी. दोन सेकंद डोळे दिपले, की दोन खेळपट्ट्या न बघताच पार! आणि नेमकी तिथे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असेल तर? किंवा फाट्यावर रस्ता ओलांडणारं कुणी असेल तर?

म्हणूनच यासाठी नियम आहेत. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते-अभियंत्यांची संस्था १९३४ मध्ये स्थापन झाली. तिनं १९७२ मध्ये रस्त्याकडेच्या जाहिरातींचं धोरण छापलं. त्यात म्हटलंय, की उघडझाप करणारे किंवा हलते दिवे जाहिरातीला नकोत. वेळ, तापमान, हवामान, तारीख अशी लोकोपयोगी माहिती देणाऱ्या फलकांना तेवढी सूट. डोळे दिपवणारा उजेड नको. वाहतुकीच्या पाट्या झाकोळतील असे दिवेही नकोत. शिवाय चौक आणि पूल यांच्यापासून १०० मीटरच्या आत फलक नको. शहरात हे अंतर ५० मीटरपर्यंत चालेल.

पाट्या झाकोळतात कशा? गावांची नावं आणि बाण असलेली ती हिरवी पाटी आठवा. तिच्यात बल्ब नसतो. गाडीचा उजेड पडला, की तो परतवून ती चमकते. शेजारी प्रखर जाहिरात असली, की बिचारी फिकी पडते आणि नांदेडचं वळण हुकतं!

हा प्रश्न कोर्टातही गेला होता. २० नोव्हेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीत वाहतुकीला धोकादायक ठरणारे फलक काढायचा आदेश दिला. लातूर-नांदेड रस्ता हा तर राष्ट्रीय महामार्ग ३६१. अशा महामार्गाच्या जमिनीवर परवानगीशिवाय काही उभारायला २००२ चा कायदा मनाई करतो.

मग दुकानदारांनी जाहिरात करूच नये का? जरूर करावी. वरून खाली उजेड टाकणारा, टोपीसारखं झाकण असलेला, स्थिर दिवा लावला, की फलकही वाचता येतो आणि रस्ताही दिसतो.

पुढच्या प्रवासात वही-पेन्सिल जवळ ठेवा. कोणता फलक नीट वाचता आला आणि कोणत्या फलकानं डोळे मिटायला लावले, ते टिपून ठेवा. घरी आल्यावर आई-बाबांना दाखवा. तुमच्या गावातलाच एखादा फलक निघाला, तर ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला पत्र कसं लिहायचं, ते त्यांच्याकडून शिकून घ्या!